ऑक्सिजन बहुमताने मोजता येत नाही

रिब्रीदर घेऊन पाण्यात उतरणाऱ्यांमध्ये एक युक्तिवाद घट्ट रुजलेला आहे. श्वासाच्या बंद मार्गात, म्हणजे लूपमध्ये, दमटपणा असणारच. त्याने ऑक्सिजन सेन्सरच्या आकड्यात फार तर तीन-चार टक्क्यांचा फरक पडतो. आणि त्याहून जास्त काही बिघडलेच, तर सेन्सर तीन असतात, एक चुकला तर उरलेले दोघे त्याला बाजूला सारतात. यातले पहिले विधान बरोबर आहे. दुसरे अर्धवट आहे. तिसरे चुकीचे आहे, आणि नेमक्या त्याच विधानाच्या भरवशावर माणसे निर्धास्त होऊन खोल पाण्यात जातात. म्हणून हा प्रतिवाद.

साध्या स्कूबात सोडलेला श्वास बुडबुडे होऊन निघून जातो. रिब्रीदरमध्ये तो वाया जात नाही. नळीतून तो स्क्रबरमध्ये येतो, तिथला सोडालाइम त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, शरीराने जेवढा ऑक्सिजन वापरला तेवढा सिलिंडरमधून भरला जातो आणि तीच हवा पुन्हा श्वासात येते. किती ऑक्सिजन भरायचा हे ठरते सेन्सरच्या आकड्यावरून. ऑक्सिजनचा आंशिक दाब, डायव्हरांच्या बोलीत पीपीओटू, साधारण ०.१६ बारच्या खाली गेला की शुद्ध हरपण्याचा धोका सुरू होतो. तो १.६ बारच्या वर गेला की झटके येण्याचा धोका झपाट्याने वाढतो, आणि पाण्याखाली झटका म्हणजे बहुधा तोंडातून माउथपीस सुटणे आणि बुडणे. या दोन्ही टोकांकडे जाताना शरीर भरवशाची सूचना देत नाही. गुदमरल्याची भावना कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते, आणि तो तर स्क्रबरने काढून टाकलेला असतो. डायव्हर आणि मृत्यू यांच्यामध्ये जो काही इशारा उरतो, तो मनगटावरच्या आकड्याचा.

हा आकडा ज्याच्याकडून येतो तो सेन्सर म्हणजे एक छोटी विद्युत-रासायनिक घटपेटी. आत शिशाचा अॅनोड, सोन्याचा मुलामा दिलेला कॅथोड, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण आणि तोंडावर टेफ्लॉनचा पातळ पडदा. पडद्यातून ऑक्सिजन आत झिरपतो, शिसे गंजते आणि झिरपलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणात सूक्ष्म विद्युतप्रवाह मिळतो. साध्या हवेत अशा सेन्सरचे वाचन दहा मिलिव्होल्टच्या आसपास असते. पडद्यापर्यंत जेवढा ऑक्सिजन पोचला तेवढाच सेन्सरला कळतो. लूपमध्ये किती आहे आणि पडद्यापर्यंत किती पोचला, हे दोन आकडे एकच असतील असे आपण गृहीत धरतो. सगळा वाद या गृहीतकाचा आहे.

आता त्या तीन-चार टक्क्यांकडे येऊ. तो हिशेब खोटा नाही. पाण्याच्या वाफेला स्वतःचा दाब असतो आणि तो तापमानावर ठरतो. ३० अंश सेल्सिअसला संपृक्त वाफेचा दाब सुमारे ४२ मिलिबार भरतो, ३७ अंशांना सुमारे ६३. वाफेने जेवढी जागा अडवली तेवढा ऑक्सिजन कमी. एवढ्यापुरता सेन्सर मुळीच चुकत नाही. वाफेमुळे ऑक्सिजन खरोखरच कमी झालेला असतो आणि सेन्सर तेच सांगतो. शिवाय वाफेचा दाब खोलीबरोबर वाढत नाही. ४० मीटरवर एकूण दाब ५ बार असताना ते ४२ मिलिबार एक टक्काही भरत नाहीत.

वाफेमुळे चूक होते ती पाण्यात उतरण्याआधी, कॅलिब्रेशनच्या वेळी. लूपमध्ये शुद्ध ऑक्सिजन भरला असे समजून आपण यंत्राला सांगतो की हा आकडा म्हणजे १.०० बार. प्रत्यक्षात आदल्या श्वासांचा ओलावा लूपमध्ये राहिला असेल आणि आतले तापमान ३० अंश असेल, तर सेन्सरसमोर ०.९६ बारच ऑक्सिजन असतो. आता ही चूक यंत्राच्या मापातच शिरली आणि पुढच्या प्रत्येक आकड्याला तिने गुणले. मनगटावर १.३० दिसत असताना खरा दाब १.२५ असतो. ४० मीटरवर एवढ्या फरकाने फारसे बिघडत नाही. पण ६ मीटरच्या डीकॉम्प्रेशन थांब्यावर एकूण दाब १.६ बार असतो. तिथे मनगटावरचा संगणक निष्क्रिय वायूचा दाब ०.३० बार धरतो आणि प्रत्यक्षात तो ०.३५ असतो. शरीरातून नायट्रोजन किंवा हेलियम बाहेर काढायचा तिथे हा फरक सहाव्या हिश्शाचा झाला. चूक किनाऱ्यावर होते आणि भोगावी लागते थांब्यावर.

हवेत कॅलिब्रेशन करणाऱ्यांनाही हा हिशेब चुकत नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता ही नवलाची गोष्ट नाही. अशा हवेत ऑक्सिजनचा दाब ०.२१२ बार नसतो, सुमारे ०.२०५ असतो. कोरड्या हवेचा आकडा धरून तिथे कॅलिब्रेशन केले की तीन टक्क्यांहून मोठी चूक पदरात पडते. ती टाळायचा उपाय मात्र अवघड नाही: लूप कोरडा असताना कॅलिब्रेशन करा, सिलिंडरमधून आलेल्या कोरड्या ऑक्सिजनने तो पुरेसा धुऊन घ्या, हवेत करायचे असेल तर आर्द्रता हिशेबात धरा. वाफेची चूक आधी सांगता येते, मोजता येते, सुधारता येते. "तीन-चार टक्के" म्हणणाऱ्यांचे इथवर मान्य करायला मला काहीच अडचण नाही.

अडचण पुढे आहे. हा हिशेब वाफेचा आहे, आणि लूपमध्ये फक्त वाफ नसते. तिथे द्रवरूप पाणी असते. ते वाफेच्या नियमाने वागत नाही. दोघांना एकाच हिशेबात बसवणे ही या युक्तिवादाची मूळ चूक आहे.

पाणी येते कुठून? डायव्हरचा उच्छ्वास उबदार आणि बाष्पाने संपृक्त असतो. वर सोडालाइमची अभिक्रिया स्वतः पाणी तयार करते: कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू, आणि सोबत उष्णता. मध्यम श्रमाने, मिनिटाला एक लिटर ऑक्सिजन वापरत तीन तास पोहणाऱ्याच्या स्क्रबरमध्ये अशा रीतीने सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पाणी निर्माण होते. ही गरम, ओली हवा स्क्रबरमधून निघून थंड भिंतींना भिडते. ३० अंशांच्या संपृक्त हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम पाणी मावते, १० अंशांना जेमतेम ९. उरलेल्या पाण्याला कुठेतरी बसावेच लागते, आणि ते लूपमधल्या सर्वांत थंड पृष्ठभागावर बसते. बऱ्याच यंत्रांत सेन्सर स्क्रबरच्या पुढे, यंत्राच्या डोक्यात (वरच्या झाकणाच्या भागात) बसवलेले असतात आणि डोक्याची दुसरी बाजू समुद्राच्या पाण्याला लागलेली असते. उष्ण कटिबंधातल्या कोमट समुद्रात हा फरक कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

असा एक थेंब टेफ्लॉनच्या पडद्यावर बसला की काय होते? वायूमध्ये ऑक्सिजन ज्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. पाण्याच्या थरातून ऑक्सिजनला पार व्हायला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. अर्धा मिलिमीटर पाणी असेल तर तो वेळ मिनिटाच्या घरात जातो, एक मिलिमीटर असेल तर त्याच्या चौपट. कोरडा असताना काही सेकंदांत उत्तर देणारा सेन्सर आता मिनिटांपूर्वीची स्थिती सांगू लागतो. शिवाय सेन्सर स्वतः ऑक्सिजन खात असतो. पाण्यातून पुरवठा अपुरा येतो आणि खप चालूच राहतो, म्हणून लूपमधला ऑक्सिजन स्थिर असतानाही ओल्या सेन्सरचे वाचन खऱ्यापेक्षा खाली राहते. ही तीन-चार टक्क्यांची गोष्ट राहत नाही. थेंब किती मोठा, पडद्याचा किती भाग त्याने झाकला, डायव्हर उताणा झाला की पालथा, यावर चूक ठरते. ती कोणत्याही तक्त्यात लिहिता येत नाही.

पाणी सेन्सरच्या मागच्या बाजूलाही जाते. तिथे सर्किट असते, जोडणीच्या पिना असतात, आणि दाब समान राखण्यासाठी छिद्रे असतात. छिद्रावर पाणी बसले की आतला आणि बाहेरचा दाब जुळत नाही. पिनांवर ओल बसून गंज चढला की मिलिव्होल्टमध्ये मोजल्या जाणाऱ्या संदेशात खोट शिरते. दहा मिलिव्होल्टच्या संदेशात अर्ध्या मिलिव्होल्टची गळती म्हणजे पाच टक्के.

आता त्या तिसऱ्या विधानाकडे वळू: तीन सेन्सर आहेत, बहुमत खरे सांगेल. बहुतेक इलेक्ट्रॉनिक रिब्रीदर असेच चालतात. तिघांपैकी जे दोन एकमेकांच्या जवळ असतील त्यांची सरासरी घ्यायची, जो फटकून असेल त्याला वगळायचे. ही पद्धत एका अटीवर बरोबर आहे: तिन्ही सेन्सर एकमेकांपासून स्वतंत्रपणे बिघडले पाहिजेत.

समजा एक सेन्सर बिघडण्याची शक्यता शंभरात एक आहे. तिघे खरोखर स्वतंत्र असतील तर एकाच वेळी दोघे बिघडण्याची शक्यता दहा हजारांत तीनच उरते, आणि बहुमतावर विश्वास ठेवणे शहाणपणाचे ठरते. पण त्या बिघाडांपैकी दहातला एक जरी तिघांना एकदम गाठणाऱ्या कारणाने होत असेल, तर हीच शक्यता दहा हजारांत दहाच्या वर जाते. तिपटीहून जास्त. आणि लूपमधले सेन्सर स्वतंत्र आहेत असे कुणी म्हणावे? तिघे एकाच डब्यात बसलेले असतात, बऱ्याचदा एकाच पातळीवर, एकाच दिशेला तोंड करून. तिघांवरून एकच ओली हवा जाते. तिघांचे कॅलिब्रेशन एकाच वेळी, एकाच वायूत झालेले असते. अनेकदा ते एकाच दिवशी विकत घेतलेले आणि एकाच खेपेतले असतात. दव पडायला लागले की ते एकावर पडून थांबत नाही.

मग उदाहरण घ्या. दोन सेन्सर ओले झाले आहेत आणि तीस टक्के कमी दाखवत आहेत. तिसरा कोरडा आहे आणि खरे सांगतो आहे. यंत्राला सेटपॉइंट, म्हणजे राखायचा ऑक्सिजनचा दाब, दिला आहे १.३० बार. दोघांची सरासरी १.३० होईपर्यंत सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, ऑक्सिजन सोडत राहील. त्या क्षणी लूपमध्ये प्रत्यक्ष दाब असेल सुमारे १.८६ बार. तिसरा सेन्सर १.८६ दाखवत असेल, आणि यंत्र त्याला बिघडलेला ठरवून गप्प करील. इथे बहुमताची पद्धत ठरवल्याप्रमाणेच चालली आहे. तिच्यात कुठलाही दोष उद्भवलेला नाही. पद्धत बरोबर चालली म्हणूनच माणूस धोक्यात आला.

हा विचार माझा एकट्याचा नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत ऑर्लँडो इथे रिब्रीदरच्या सुरक्षिततेवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे नायजेल जोन्स यांनी तीन सेन्सरच्या परस्परावलंबनाचा प्रश्न सविस्तर मांडला होता. रचनाकारांना तर तो त्याआधीच जाणवला होता. अभियंते बिल स्टोन यांच्या रचनेवर उभ्या असलेल्या, पोसायडन कंपनीच्या मार्क सहा या रिब्रीदरने तीन सेन्सरची प्रथाच सोडली. त्यात दोनच सेन्सर ठेवले आणि मुख्य सेन्सरच्या तोंडावर ठरावीक वेळाने ज्ञात वायूचा झोत सोडून त्याची परीक्षा घेण्याची सोय केली. सेन्सर वाढवत नेण्यापेक्षा एका सेन्सरला खरे-खोटे विचारणे जास्त मोलाचे, हा त्या रचनेचा आधार आहे. कोरड्या वायूचा तो झोत पडद्यावरचा ओलावाही हटवतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवाचा: इतकी वर्षे डाइव्ह करतो आहोत, कधी काही झाले नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण बहुतेक डाइव्ह खरोखरच सुखरूप पार पडतात. पण अपघातानंतर यंत्र वर येते तेव्हा ते बहुधा पाण्याने भरलेले असते. सेन्सरवरचा थेंब डाइव्हदरम्यान होता की नंतर आला हे कोण सांगणार? बाकी सगळे अपघात पुरावा मागे ठेवू शकतात, हा ठेवत नाही. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर अँड्र्यू फॉक यांनी १९९८ ते २०१० या काळातल्या रिब्रीदर मृत्यूंचा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १८१ मृत्यूंची नोंद होती, आणि साध्या स्कूबाच्या तुलनेत मृत्यूचा धोका सुमारे दहापट असल्याचा त्यांचा अंदाज होता. या मृत्यूंची कारणे अनेक आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ माणसाच्या चुका आहेत. पण ज्या साधनाचा धोका एवढा आहे, त्यात "सिद्ध झालेले नाही" हे वाक्य धीर द्यायला वापरू नये. सुरक्षित असल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांवर आहे.

दुसरा आक्षेप उलट्या टोकाचा आहे. काही जण म्हणतात, ओलावा शत्रू आहे ना, मग सेन्सर कडक कोरडे करा. हेअर ड्रायरने गरम हवा मारा, सिलिंडरच्या दाबाचा झोत सोडा, उन्हात ठेवा. हेही घातक आहे. पडद्यामागचे द्रावण पाण्यात केलेले असते. उष्णता आणि सततची कोरडी हवा त्यातले पाणी उडवते, आणि जोराचा झोत पातळ पडद्याला इजा करू शकतो. सेन्सरला वाफेचे वावडे नाही. त्याला वावडे आहे पृष्ठभागावर साचलेल्या पाण्याचे. डाइव्ह झाल्यावर यंत्राचे डोके उघडून साध्या, सावलीतल्या हवेत वाळू द्यावे; एवढे पुरे आहे. शोषक स्पंज किंवा पॅड वापरावेत, पण ते भरतात हे विसरू नये. भरलेला पॅड सेन्सरशेजारी ओलावाच साठवून ठेवतो.

तिसरा आक्षेप म्हणजे नव्या सेन्सरवरचा विश्वास. सेन्सर महिन्यापूर्वीच बदलले, मग काय होणार? वय महत्त्वाचे आहे, यात वाद नाही. शिसे संपत आले की सेन्सर वरच्या दाबाला पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही. लूपमध्ये दाब वाढला तरी त्याचा आकडा मध्येच अडकतो. म्हणून ठरलेल्या मुदतीत सेन्सर बदललेच पाहिजेत. पण थेंब सेन्सरची तारीख वाचत नाही. आणि तिन्ही सेन्सर एकाच दिवशी बदलण्याची सवय तर परस्परावलंबन वाढवते. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या खेपेतले घ्यावेत.

चौथा आक्षेप तंत्रज्ञानाचा. प्रकाशाच्या साहाय्याने ऑक्सिजन मोजणारे घन-अवस्थेतले सेन्सर आले आहेत, त्यात शिसे नाही आणि गंजणारे द्रावणही नाही, मग हा वाद कालबाह्य झाला ना? त्यांचे स्वागत आहे. ते ऑक्सिजन खात नाहीत, त्यामुळे पाण्याच्या थराने त्यांचे वाचन कायमचे खाली बसत नाही, आणि हा मोठा फायदा आहे. पण थेंबातून ऑक्सिजन सावकाश जातो हा नियम त्यांनाही लागू आहे. ओल्या पृष्ठभागावर त्यांचे उत्तरही उशिराच येणार. शिवाय आज वापरात असलेली बहुतेक यंत्रे अजून जुन्याच विद्युत-रासायनिक सेन्सरवर चालतात.

मग उपाय काय? सेन्सरचे आकडे एकमेकांशी जुळतात का, एवढेच पाहणे सोडून ते ज्ञात सत्याशी जुळतात का हे पाहायचे. हे सत्य प्रत्येक डायव्हरच्या पाठीवरच असते. ३० मीटरवर, म्हणजे ४ बार दाबाला, लूप डायल्युअंटने, म्हणजे ऑक्सिजनमध्ये मिसळण्यासाठी दुसऱ्या सिलिंडरमध्ये नेलेल्या वायूने (इथे साध्या हवेने), पूर्ण धुतला तर सेन्सरचा आकडा ०.८४ बार यायलाच हवा. वाफेने यात जेमतेम ०.०१ चा फरक पडतो. तिघे ०.८४ ला आले आणि चटकन आले, तर त्या दाबापुरते ते खरे बोलत आहेत. दोघे एका आकड्यावर एकमताने रेंगाळले आणि तिसरा झटकन ०.८४ ला पोचला, तर तो एकटाच खरा आहे, यंत्राने त्याला वगळले असले तरी. आकड्याइतकाच त्याचा वेग पाहायचा, कारण ओल्या सेन्सरची पहिली खूण आळस हीच असते.

डायल्युअंटची परीक्षा १.०० बारच्या वरच्या भागाबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी ६ मीटरवर लूप शुद्ध ऑक्सिजनने धुऊन सेन्सरचा आकडा थोड्या वेळापुरता १.६ च्या जवळ पोचतो का हे पाहणे ही वेगळी परीक्षा आहे, आणि ती प्रशिक्षित माणसाने शिस्तीने करायची गोष्ट आहे. परीक्षेत शंका उरली, तर आकड्यांशी वाद घालत बसायचे नाही. बेलआउट सिलिंडरवर, म्हणजे संकटासाठी नेलेल्या वेगळ्या सिलिंडरवर, जायचे आणि वर यायचे.

यंत्र बनवणाऱ्यांकडून काही गोष्टी मागायलाच हव्यात. सेन्सर एकाच पातळीवर, एकाच दिशेला बसवू नयेत. ते थंड भिंतीपासून दूर असावेत. पाणी वाहून जायला वाट असावी. ज्ञात वायूने सेन्सर तपासण्याची सोय यंत्रातच असावी. आणि दोन सेन्सरनी तिसऱ्याला हरवले की यंत्राने त्याला निमूटपणे वगळू नये. डायव्हरला परीक्षा घ्यायला सांगावे. प्रशिक्षकांनी "दोन जुळले तर ठीक" हे वाक्य वर्गातून काढून टाकावे.

रिब्रीदर वापरणाऱ्या प्रत्येकाला एवढीच विनंती आहे: पुढच्या डाइव्हवर तीन आकडे जुळलेले दिसले की समाधान मानून पुढे जाऊ नका. डायल्युअंटच्या झडपेचे बटण दाबा, खोलीवरून आकडा मनात काढा आणि सेन्सर तिथे पोचतात का, किती वेळात पोचतात ते पाहा. लूपमध्ये किती ऑक्सिजन आहे हे सेन्सरच्या मतांवरून ठरत नाही.